आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जायचंय, आठवड्यातून तीन डायलिसिस आहेत. कोणी असं जाऊन आलंय का?

शिंदखेड्याची लेक

नमस्कार. मी भुसावळला राहते, वय 44. यजमान रेल्वेत आहेत. माहेर शिंदखेडा तालुक्यात. गेल्या वर्षी जानेवारीत माझं डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पाळी, चार तास. डाव्या हाताला फिस्टुला आहे (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी). ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, 52 किलो. लघवी दिवसाला जेमतेम 400 मिली होते, त्यामुळे डॉक्टरांनी पाणी, चहा, वरण सगळं धरून 900 मिली सांगितलंय. ही माहिती आधीच देऊन ठेवते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना परत विचारावं लागणार नाही.

यंदा आखाजी रविवारी आहे. मला जायचंय. पण परवा भावाचा फोन आला, "औंदा तू नको येऊ बाई, आम्हीच इसूत तठे." म्हणजे आम्हीच येऊ तिकडे. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन रडले.

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गेल्या आखाजीला जे झालं ते त्याने डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा डायलिसिस सुरू होऊन जेमतेम साडेतीन महिने झाले होते. आखाजी बुधवारी होती. मी सोमवारचं डायलिसिस करून संध्याकाळच्या गाडीने निघाले आणि बुधवारचं सोडलं. शुक्रवारी परत येऊन करू, एकाने काय होतं, असं मनाशी ठरवलं होतं. सेंटरला कळवलंही नाही.

पाणी मी खरंच मोजून पीत होते, ते मी शपथेवर सांगते. पण रस म्हणजे पाणी हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आमच्याकडे आखाजीला खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस, दोन दिवस तेच. दुपारी डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, फोडी. ज्या घरी भेटायला जाऊ तिथे पन्हं. आणि उडदाचे पापड. पापड खाल्ला की घसा कोरडा, मग बर्फाचा खडा. बर्फालाही मी पाणी धरलं नव्हतं. तीन दिवसांत साडेचार किलो वजन वाढलं. गुरुवारी रात्री आडवं पडलं की जीव गुदमरायचा, उठून बसलं की थोडं बरं. रात्री एकला भावाने जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे फिस्टुलाच्याच हाताला बीपीचा पट्टा बांधला आणि अशक्तपणा दिसतोय म्हणून सलाईन लावायला निघाले. भावाने हात धरून थांबवलं. तिथून जीपने धुळ्याला. पहाटे मशीनवर घेतलं तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला. मागच्या सीटवर आई माझं डोकं छातीशी धरून बसली होती. आईचं वय 71.

त्यानंतर घरच्यांची भीती बसली ती बसलीच. भाऊबीजेला गेले तर वहिनीने मला सगळ्यांच्या आधी आतल्या खोलीत एकटीला वाढलं. माझ्यापुढे पुरी-श्रीखंड नको म्हणून. बाहेर पोरं कुजबुजत होती, "हळू बोला, आत्या जेवतेय." तो घास मला गिळवेना. सांजोऱ्या लाटायला बसले तर "तू आराम कर." आईजवळ बसले की आई नुसती पायाकडे बघते, सूज आहे का म्हणून.

आणि मैत्रिणी. आम्ही सहा जणी. दोघी सुरतला, एक नाशिकला, एक साक्रीकडे, एक गावातच दिली. आखाजी सोडली तर आम्ही सहाही जणी एका जागी कधीच येत नाही. मारुतीच्या पारामागच्या निंबाला झोका बांधतात, अजून बांधतात. गेल्या वर्षी मी झोक्यावर बसलेच नाही, हाताचं काय होईल या धास्तीने. कुणी काही म्हणालं नाही, पण मी असताना गाणी लवकर आटोपली.

तर विचारायचंय ते असं. शुक्रवारचं करून शनिवारी निघाले तर सोमवारचं डायलिसिस धुळ्याला होऊ शकतं का, त्याला काय लागतं? 43-44 डिग्रीत 900 मिलीत दिवस कसा काढता? आणि आईला आणि भावाला कसं सांगू की मला पाहुणी करून बसवू नका, आजारी करूनही बसवू नका?

---

केळीबाग, यावल

ताई, माझं डायलिसिस सुरू होऊन सहा वर्षं झाली. वय 58. तुमचं वाचून पहिल्या वर्षीचा मी आठवलो.

आधी कडक बोलतो, राग मानू नका. डायलिसिस चुकवायचं नाही. लग्न असो, मयत असो, आखाजी असो. तुमची शुक्रवार ते सोमवार हा आठवड्यातला सगळ्यात लांब खंड आहे. त्या दोन दिवसांनंतरच पाणी आणि पोटॅशियम दोन्ही सगळ्यात जास्त साठलेलं असतं. यंदा आखाजी नेमकी त्या मधल्या रविवारी येतेय, म्हणून तुम्हाला इतर दिवसांपेक्षा जास्त जपायला हवं. सोमवारची जागा पक्की झाल्याशिवाय गाडीत पाय ठेवू नका.

आता तहान. तहान पाण्याने लागते असं आपण समजतो. ती मिठाने लागते. मी मीठ कमी केलं तेव्हा पहिले पंधरा दिवस जेवण मातीसारखं लागलं, मग जीभ सवयीला आली आणि तहान अर्ध्यावर आली. पापड, लोणचं, शेव, फरसाण, केळीचे वेफर्स हे पूर्ण बंद. पापडात मिठावर पापडखारही असतो, तोही सोडियमच. आणि एक धोक्याचं सांगतो. दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं, घरचे प्रेमाने आणतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. आपल्यासाठी ते विष. माझ्या मुलाने आणलं होतं, डाएटिशियनबाईंनी पुडा बघितला म्हणून वाचलो.

उन्हाळ्यात मी सकाळी अर्ध्या लिटरच्या बाटलीत मोजून पाणी भरतो, दिवसभर तेच. उरलेली मर्यादा चहा, वरण, गोळ्या यांच्या नावावर. प्यायला लहान वाटी. पेला हातात आला की घोट मोठा होतो. गुळण्या करा, लिंबाची फोड चोखा, ओला पंचा मानेवर ठेवा. माहेर धाब्याचं घर असेल तर दुपारभर आतच बसा, स्लॅबपेक्षा ते पुष्कळ गार. घाम जातो म्हणून जास्त प्यायलं तरी चालतं, असं कुणी सांगेल. स्वतःच्या मनाने तसं करू नका. वजनकाटा सोबत न्या, तो खोटं बोलत नाही. रोज सकाळी तोंड धुऊन, चहाच्या आधी वजन. मला तर डॉक्टरांनी दोन दिवसांत दोन किलोच्या आत राहा म्हणून सांगितलंय, तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांना विचारा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या शेतात मिळालं. माझी आठ एकर केळी. एका मध्यम केळात साधारण 400 मिलीग्रॅम पोटॅशियम, म्हणून सहा वर्षांत मी स्वतःच्या बागेतलं केळ तोंडात टाकलं नाही. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी होते, चाळीस-पन्नास माणूस. पहिल्या वर्षी मला खाटेवर बसवलं आणि जो तो येऊन तब्येत विचारून गेला. फार एकटं वाटलं. दुसऱ्या वर्षी मी पऱ्हाट्यांचा जाळ घेऊन बसलो. वांगी मी भाजतो, उलटी-पालटी मी करतो, कधी काढायची ते मी सांगतो. जाळाजवळ असलो की माझ्याशी बोलायला येणारा माणूस वांग्याबद्दल बोलतो. भरीत मी दोन चमचे घेतो, मीठ घालायच्या आधी माझं बाजूला काढतात. मोजून घेतलेलं वांगं मला चालतं, माझे रिपोर्ट तसे आहेत.

काम मागून घ्या ताई. हातात काम असलं की माणूस ताटाकडे बघत नाही, तुमच्याकडे बघतो.

---

धुळेकर तंत्रज्ञ

मी धुळ्यात डायलिसिस तंत्रज्ञ आहे. सेंटरचं नाव लिहीत नाही, पण काम कसं चालतं ते सांगतो.

बाहेरगावचा रुग्ण एका वेळेसाठी घेता येतो, फक्त आठ-दहा दिवस आधी फोन हवा. आदल्या दिवशी फोन केला तर मशीन रिकामं नसतं. तुमच्या भुसावळच्या सेंटरकडून हे घ्या: मागच्या तीन डायलिसिसचे चार्ट, ड्राय वेट, हेपरिनचा (रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधाचा) डोस, कोणता डायलायझर (रक्त गाळणारी गाळणी) लावतात, मशीनवर बीपी पडतं का, एरिथ्रोपोएटिनचं (रक्त वाढवायचं) इंजेक्शन कधी आणि किती. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी या तिन्हीचे ताजे रिपोर्ट पाहिजेतच. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाचं मशीन वेगळं ठेवतात, म्हणून हे रिपोर्ट नसले तर कुठलंही सेंटर हात लावणार नाही. डॉक्टरांची चिठ्ठीही हवी.

तुमचं डायलिसिस महात्मा फुले योजनेतून होत असेल तर मंजुरी तुमच्या रुग्णालयाच्या नावावर असते. दुसरीकडे एक वेळ करायचं तर योजनेत बसतं का, की पैसे भरावे लागतील, हे दोन्हीकडच्या आरोग्यमित्राला आधी विचारा. दारात आल्यावर वाद नको.

सोमवारी पहिली पाळी मागा. शिंदखेड्याहून पहाटे निघालात तर उन्हाच्या आत पोहोचाल.

फिस्टुलाचं. झोक्यावर बसायला हरकत नाही, पण डाव्या हाताने दोर धरून लोंबकळायचं नाही, कोपराला दोर गुंडाळायचा नाही. वजन उजव्या हातावर, शेजारी कुणी तरी बसवा. आखाजीला बांगड्या भरतात, डाव्या हातात घट्ट चुडा नको. त्या कुशीवर झोपू नका. सकाळ-संध्याकाळ बोटं ठेवून थरथर लागते का बघा. थरथर थांबली तर त्याच दिवशी फोन करा, सोमवारची वाट बघू नका.

आणि घरातल्या दोघा-तिघांना तोंडपाठ करून ठेवा: डाव्या हाताला बीपी नाही, सुई नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सलाईन नाही, दुखण्याची गोळी मनाने नाही. तुमच्या भावाने त्या रात्री सलाईन थांबवलं. ताई, त्या माणसाला सगळं समजलेलं आहे.

---

पारोळ्याची वहिनी

मी पेशंट नाही. माझ्या नणंदबाईंचं डायलिसिस चार वर्षं झालं चालू आहे. म्हणून मी तुमच्या वहिनीच्या बाजूने लिहिते, रागावू नका.

मीसुद्धा नणंदबाईंना वेगळं वाढलं होतं. मला वाटायचं त्यांच्यासमोर आपण खाल्लं तर पाप लागेल. त्यांनी एक दिवस ताट उचललं आणि पंगतीत येऊन बसल्या. म्हणाल्या, माझ्या पानात कमी वाढ, पण पान इथे मांड. त्या दिवशी मला कळलं की मी त्यांना नाही, माझ्या भीतीला वेगळं वाढत होते. तुमच्या वहिनीला हे कुणी सांगितलेलं नाही. भावाकडून निरोप नको. तुम्ही स्वतः फोन करा, वहिनीशी बोला, नेमकं सांगा. किती वाट्या, कोणती भाजी, मीठ कसं. आम्हा बायकांना स्वयंपाकातलं नेमकं सांगितलं की भीती जाते. "थोडं थोडं चालतं" म्हटलं की अजून घाबरायला होतं. मी आता बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडते, पाणी फेकते, मग फोडणी देते. आमटी सगळ्यांची एकच, त्यांची मिठाआधी काढते. फॉस्फरसची गोळी त्यांच्या पानातच ठेवते, लिंबाच्या फोडीशेजारी. पहिल्या घासासोबत घ्यायची असते ना, नंतर घेऊन उपयोग नसतो.

आईंचं वेगळं आहे. त्यांना सांगून पटणार नाही. एकदा डायलिसिसला सोबत न्या. माझ्या सासूबाई आधी म्हणायच्या, "पी ले वं, काही व्हत नही." एकदा सेंटरवर आल्या. लेकीचं आधीचं वजन बघितलं, चार तासांनंतरचं बघितलं. मी सांगितलं, हे अडीच किलो म्हणजे ती प्यायलेलं पाणी, ते रक्तातून ओढून काढलं. घरी येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा हिशोब त्यांच्याकडे.

---

शिंदखेड्याची लेक

तिघांनाही नमस्कार. उत्तरं मी यजमानांना वाचून दाखवली, मग वहिनीला फोन केला. पाऊण तास बोललो. ती म्हणाली, "ताई, त्या रात्री जीपच्या मागे मी दारात उभी होते, तुम्ही परत येणार नाही असंच मला वाटलं होतं." हे ती मला वर्षभर बोलली नव्हती. आई आणि भाऊ पुढच्या बुधवारी भुसावळला येतायत, आईला सेंटरवर नेणार आहे. धुळ्याच्या एका सेंटरने सोमवारची साडेसहाची पाळी दिली आहे. रिपोर्ट जमवतेय.

---

शिंदखेड्याची लेक

काल भुसावळला परत आले. कसं झालं ते सांगायचं राहायला नको.

आई सेंटरवर आली होती. चार तास तिला बाहेर बसायला सांगितलं होतं, पण सिस्टरने शेवटी पाच मिनिटं आत घेतलं. नळ्यांतून लाल रक्त फिरताना बघून तिने माझ्या पायांवर हात ठेवला, हाताला हात लावायला घाबरली. त्या दिवशी 2.3 किलो काढलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "इतलं पानी? तुन्हा आंगमा?" एवढंच.

शुक्रवारचं करून शनिवारी सकाळच्या गाडीने निघाले. काटा बॅगेत. घरी पोचले तर ओट्यावर आईने नऊ फुलपात्रं मांडून ठेवलेली. वहिनीने माप भांड्याने मोजून प्रत्येकात शंभर मिलीची खूण बघून ठेवली होती. चहा झाला की आई एक फुलपात्र उपडं करायची, वरण झालं की दुसरं. संध्याकाळी कुणी पाहुणी पाण्याचा तांब्या पुढे करायला लागली की आई आधी फुलपात्रांकडे बघायची. रविवारी दुपारी तीनला चार उरली होती. ऊन फार होतं. मी खोटं सांगणार नाही, सगळे रस खात होते तेव्हा घशात दुखलं. मी अर्धी वाटी घेतला, दूध न घातलेला, आणि एक फुलपात्र उपडं केलं. पुरणपोळीचा चतकोर. डांगर नाही, पापड नाही.

पितरांच्या घागरीची पूजा आई करते, वर डांगर आणि आंबे ठेवते. यंदा घागर मी भरली. यावलच्या भाऊंनी सांगितलं तसं काम मागून घेतलं. सांजोऱ्यांचं सारण मी भाजलं, मुरड मी घातली. वहिनी लाटत होती, मी मुरडत होते, चाळीस-बेचाळीस झाल्या असतील. एक खाल्ली. आगारी (पितरांसाठी विस्तवावर टाकायचा घास) भावाने टाकली. पंगतीत माझं पान आईच्या आणि धाकट्या भाचीच्या मधे होतं. भाचीने विचारलं, आत्या, तुझ्या पानात गोळी का? मी सांगितलं. तिने गोळी हातात घेऊन बघितली आणि परत ठेवली.

संध्याकाळी निंबाखाली गेले. पाच जणी आल्या होत्या, एकीच्या सासूचं दुखणं निघालं म्हणून ती सुरतेहून निघू शकली नाही. तिला फोनवर घेतलं. साक्रीची माझ्या डाव्या बाजूला बसली, तिने माझ्या कमरेला हात घातला, मी उजव्या हाताने दोर धरला. गाणं म्हणताना मला दम पुरेना, तर मी पहिली ओळ म्हणायचे आणि पुढचं त्या उचलायच्या. अंधार पडेपर्यंत होतो. साक्रीचीने फिस्टुलावर बोटं ठेवून थरथर बघितली. मांजर गुरगुरतं तसं लागतंय म्हणाली.

सोमवारी पहाटे भावाने धुळ्याला नेलं. वजन 1.9 किलो वाढलं होतं. तंत्रज्ञ दादांना सांगते, कागद सगळे लागले, एकही कमी पडला नाही. पैसे मात्र भरावे लागले, योजनेत बसलं नाही. परत येताना भाऊ नरडाण्याजवळ चहाला थांबला, स्वतःसाठी एक घेतला आणि बशीत दोन घोट ओतून मला दिला. म्हणाला, "दिवाळीले कोणत्या दिवशी शे तुन्हं डायलिसिस? आत्तेच सांगी ठेव."

पारोळ्याच्या वहिनी, एक विचारायचं राहिलं. श्रावणात आमच्या सासरी कानबाई (घरी बसवतात ती खानदेशातली देवी) असते. तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांनी तीन-चार दिवस पुरवून संपवायचे असतात, दुसऱ्याला देता येत नाहीत. तुमच्या नणंदबाईंचं रोटांचं तुम्ही कसं बसवता?